कुठं गळते, असं विचारणारं गिऱ्हाईक

बाबांची मस्टँग मार्चमध्ये विकली. तेव्हाच लिहायचं होतं पण मनच होत नव्हतं, आणि मागच्या आठवड्यात कोल्हापूरहून एक फोन आला, त्यानंतर मात्र रात्री जेवणं झाल्याबरोबर लॅपटॉप उघडून बसले. कितीतरी जण विचारून राहिले की केवढ्याला गेली, कोणी नेली, एवढी वर्षं खपून बनवली आणि विकली कशाला. तर सगळं सांगते. लांबेल जरा, सांभाळून घ्या.

गाडी म्हणजे १९६६ ची फोर्ड मस्टँग. दोन दारांची हार्डटॉप, २८९ क्युबिक इंचाचं व्ही८ इंजिन म्हणजे आपल्या हिशोबानं ४.७ लिटर, तीन गिअरचं ऑटोमॅटिक, स्टिअरिंग डावीकडे, रंग गडद निळा. धरमपेठेत किंवा लॉ कॉलेज चौकाच्या आसपास राहणाऱ्यांनी रविवारी सकाळी कधीतरी पाहिली असेल, पाहिली नसेल तर ऐकली तरी असेलच. लोक तिला सरसकट मसल कार म्हणतात आणि मीही म्हणते, पण बाबा असते तर त्यांनी तिथल्या तिथं दुरुस्त केलं असतं. मसल कार म्हणजे मधल्या आकाराच्या साध्या फॅमिली गाडीत कंपनीनंच दांडगं इंजिन बसवून विकलेली गाडी, १९६४ ची पॉन्टियाक जीटीओ घ्या, टेम्पेस्टच्या बॉडीत ३८९ क्युबिक इंचाचं इंजिन. मस्टँग त्याच वर्षी १७ एप्रिलला न्यूयॉर्कच्या वर्ल्ड्स फेअरमध्ये लोकांसमोर आली, खालचा सगळा सांगाडा फोर्डच्याच फाल्कन गाडीचा, किंमत २३६८ डॉलरपासून पुढे, आणि तिच्यामुळे पोनी कार असा वेगळा प्रकारच तयार झाला. दोन वर्षांच्या आत दहा लाखावी गाडी कारखान्यातून बाहेर पडली. पुढं मस्टँगमध्येच मोठमोठी इंजिनं आली आणि दोन्ही नावं एकमेकांत मिसळून गेली. आमची सी कोडवाली, म्हणजे दोन बॅरलचा कार्ब्युरेटर (इंजिनात हवा-पेट्रोल मिसळून सोडणारा भाग), २०० हॉर्सपॉवर. दिसायला अवाढव्य वाटते पण लांबीला आजच्या इनोव्हा क्रिस्टापेक्षा कमीच भरते, हे मी टेप लावून दाखवल्याशिवाय कोणाला पटायचं नाही.

नागपुरात कशी आली? त्या काळात दिल्लीतल्या वकिलातींचे लोक आपल्या गाड्या परत न नेता इथंच सोडून जायचे आणि त्या सरकारच्या स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विकल्या जायच्या, जुन्या अमेरिकन गाड्यांपैकी कितीतरी आपल्याकडे अशाच रस्त्यानं आल्यात. आमचीही तशीच. तिथून ती एका कोळशाच्या ठेकेदाराकडं नागपूरला आली, त्यांनी हौसेनं लाल करून घेतली, आणि १९७३ नंतर पेट्रोल महागलं तसं लिटरला पाच किलोमीटर देणारी गाडी कोण चालवणार, ती शेडमध्ये गेली. बाबांनी १९९१ मध्ये ४५ हजाराला घेतली. बाबा वेकोलित म्हणजे वेस्टर्न कोलफिल्ड्समध्ये होते, पगारदार माणूस, आईनं त्या दिवशी स्वयंपाकच केला नव्हता असं आजी सांगायची. दोन वर्षं कशीबशी चालवली, मग इंजिन जाम झालं, आणि गाडी अंगणात कडुनिंबाखाली उभी राहिली ती २००९ मध्ये बाबा रिटायर होईपर्यंत. सोळा वर्षं. आम्ही भावंडं तिच्यात बसून अभ्यास केला, लपाछपी खेळलो, माझ्या भावानं तर मागच्या सीटवर मांजरीची पिल्लं वाढवली.

आता त्या कडुनिंबाबद्दल सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही, कारण सगळी कथा तिथंच आहे.

या मस्टँगच्या समोरच्या काचेखाली, बॉनेट जिथं संपतं तिथं, एक आडवी जाळी असते. तिला काउल म्हणतात. आत हवा यावी म्हणून ती जाळी, आणि हवेबरोबर पाऊसही आत जातो, म्हणून जाळीखाली पत्र्याची एक पन्हाळ केलेली असते, पाणी दोन्ही बाजूंनी पुढच्या चाकांकडं उतरून जावं अशी. त्या पन्हाळीत हवेसाठी दोन भोकं आहेत आणि भोकांभोवती टोपीच्या काठासारखी पत्र्याची उभी कड, पाण्यानं आत उतरू नये म्हणून. झालं काय, निंबाची पानं आणि निंबोळ्या त्या जाळीतून आत पडत राहिल्या, पाणी उतरायचे रस्ते बुजले, चिखल साचला, आणि त्या ओल्या चिखलानं आधी त्या कडा खाल्ल्या, मग पन्हाळ खाल्ली, मग पाणी थेट गाडीच्या फरशीवर, गालिच्याखाली. गालिचा वरून कोरडा आणि खाली डबकं! बाहेरून काही दिसत नाही. ही या मॉडेलची जगभरातली खोड आहे, अमेरिकेतही मस्टँग घेणारा जाणता माणूस आधी तिथंच हात घालतो, पण आम्हाला हे २००९ मध्ये कळलं, जेव्हा उस्तादांनी ड्रायव्हरच्या बाजूचा गालिचा उचलला आणि त्यांचा हात मनगटापर्यंत फरशीतून आरपार जमिनीकडं गेला.

उस्ताद म्हणजे आमचे मिस्त्री, मोमिनपुऱ्यात त्यांचं छोटं वर्कशॉप होतं. हात बाहेर काढून, पुसून, बाबांना म्हणाले, "साहब, ये गाडी ऊपर से नहीं मरी, अंदर से मरी है." आणि बाबांनी विचारलं, किती दिवस लागतील? उस्ताद म्हणाले, दिवस नका विचारू.

सात वर्षं लागली. मी बँकेतून आले की सहाला शेडमध्ये, बाबा तर दिवसभर तिथंच. काउलचा वरचा पत्रा स्पॉट वेल्डनं जोडलेला असतो, एकेक टिपका शोधून, त्याच्यावर नेमका मध्य धरून, खालचा पत्रा न फुटता ड्रिल करावा लागतो. मी मोजत होते, शंभराच्या पुढं गेल्यावर सोडून दिलं. नवीन पत्रे अमेरिकेतून जहाजानं मागवले (तिकडं मस्टँगचा जवळपास प्रत्येक भाग आजही नवा बनतो, हे एक फार मोठं सुख आहे), बारीकसारीक सामान मावसभाऊ येताना बॅगेत आणायचा. सगळे नटबोल्ट इंचाच्या मापाचे. आपला १३ नंबरचा पाना अर्ध्या इंचाच्या नटाला बसतो पण सैल बसतो आणि नटाचे कोने खाऊन टाकतो, म्हणून उस्तादांनी त्यांच्या वडिलांचे इंची पाने पेटीतून काढले, काळे पडलेले, आणि शेडच्या भिंतीवर ऑइलपेंटनं फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर कोणत्या क्रमानं पेटतात ते, लिहून टाकली, १-५-४-२-६-३-७-८. बाजूला लिहिलं, "७ और ८ का वायर दूर रखना." हे दोन सिलिंडर शेजारी आहेत आणि एकामागोमाग पेटतात, वायरी चिकटून राहिल्या तर एकाचा करंट दुसऱ्यात जातो. इंजिन लेथवाल्याकडं बोअर करून घेतलं. जुन्या पेट्रोलमध्ये शिसं असायचं, त्यावर व्हॉल्व्हच्या सीटा टिकायच्या, आपल्याकडं २००० पासून ते पेट्रोल बंद आहे, म्हणून कडक सीटा बसवल्या. रंग लाल ठेवायचा की मूळचा, यावर घरात दोन महिने वाद. दाराच्या कडेला पत्र्याची पट्टी असते, तिच्यावर रंगाचा कोड होता के, म्हणजे नाइटमिस्ट ब्लू. बाबा म्हणाले तिचा रंग तिला द्यायचा. दिला.

आणि हे सगळं एका वहीत. लाल कापडी पुठ्ठ्याची, इतवारीत मिळते ना व्यापाऱ्यांची लांबट चोपडी, तसली. उस्ताद रोज संध्याकाळी हात धुऊन त्यात लिहायचे, हिंदी मराठी एकत्र, कुठला नट किती आवळला, कुठं मूळ सामान आहे, कुठं डुप्लिकेट, कुठं तात्पुरतं. तात्पुरत्याला ते "टेम्परवारी" लिहायचे आणि खाली दोन रेघा मारायचे. बाबांनी सक्त सांगितलं होतं, जे झालं ते लिहा, जे नाही झालं ते आधी लिहा.

२०१६ च्या दसऱ्याला गाडी अंगणातून बाहेर निघाली. बाबांनी पाच वर्षं चालवली. डावीकडचं स्टिअरिंग असल्यामुळं पुढच्या ट्रकच्या पलीकडचं ड्रायव्हरला काही दिसत नाही, म्हणून उजवीकडं आई बसायची, आणि अमरावती रोडवर ओव्हरटेक करायचा निर्णय पूर्णपणे आईचा. ती मान बाहेर काढून पाहायची आणि म्हणायची, "थांबा... थांबा... हं, जा आता." स्वयंपाक न करणारी माझी आई! २०२१ मध्ये बाबा गेले. त्यानंतर मी चालवली, आई तिच्या जागेवर.

विकायचं कारण एकच, घर. आमचं घर बिल्डरला दिलं, तीन भावंडांचं एकमतानं झालं, त्यात काही वाईट नाही. पण शेड जाणार, खालचा खड्डा जाणार, आणि नवीन इमारतीत पार्किंगची एक चौकोनी जागा मिळणार तीही तीन वर्षांनी. खड्डा नसेल तर या गाडीचं ग्रीसिंग कुठं करायचं? नागपूरचा मे महिना, ४५ च्या पुढं गेलं की कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल उकळतं आणि गाडी सिग्नलवर बंद पडते, इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपावर ओला फडका टाकून बसावं लागतं, अशी गाडी भाड्याच्या जागेत उघड्यावर ठेवायची म्हणजे पुन्हा कडुनिंबाखाली उभी करणं. ते मला दुसऱ्यांदा होऊ द्यायचं नव्हतं.

फोटो काढले. भावानं छान काढले, संध्याकाळचं ऊन, निळा रंग, क्रोमचा घोडा. मी म्हटलं हे पाच ठेव, आणि बाकीचे पंधरा जुने टाक, फरशीचं भोक, सडलेली पन्हाळ, उस्तादांचा आरपार गेलेला हात. भाऊ म्हणाला वेडी आहेस का, गिऱ्हाईक पळून जाईल. माझं म्हणणं होतं आणि अजूनही आहे की रिस्टोअर केलेल्या गाडीत विकण्यासारखं जे असतं ते रंगाखालीच असतं. रंग काय, रंग कोणीही मारतो. भोकावर पुट्टी भरून, वरून चकचकीत करून विकलेल्या गाड्या मी पाहिल्यात, दोन पावसाळ्यांत फुगतात. आमचं भोक कसं होतं आणि आता तिथं काय आहे हे जर दाखवलं नाही, तर आमच्या गाडीत आणि त्या गाडीत फरक काय राहिला?

सोबत एक यादीही टाकली, गाडीत काय काय बरोबर नाही त्याची. ड्रायव्हरच्या बाजूची काच अर्ध्यावर खडखडते. मीटर मैलांचा आहे आणि पाचच आकडी, एक लाखानंतर पुन्हा शून्यावर येतो, त्यामुळं त्यावरचा आकडा धरू नये. पुढचे ब्रेक डिस्क नाहीत, ड्रम आहेत, अंतर राखून चालवावी लागते. पेट्रोलच्या रबरी नळ्या २०२३ मध्ये बदलल्या कारण इथेनॉलवालं पेट्रोल जुनं रबर खातं, त्या दरवर्षी तपासाव्या लागतील.

मग लोक यायला लागले. फोनवर माझा आवाज ऐकून पहिलं वाक्य ठरलेलं, "साहेबांना द्या जरा." साहेब नाहीत, मीच, असं म्हटल्यावर थोडं थांबून, "बरं, मग मिस्त्रीचा नंबर द्या." सगळेच असे नव्हते, पण बरेच होते आणि त्याचं वाईट वाटलं, कारण त्या गाडीचा एकही बोल्ट असा नाही जो मी हातात धरलेला नाही. घरी आलेले बहुतेक इंजिन सुरू करायला लावायचे, दोनतीनदा रेस करायला लावायचे, रील काढायचे, बाजूला उभं राहून फोटो, आणि "लाल असती तर ना..." म्हणून निघून जायचे. पुण्याचा एक मुलगा चांगला होता, अभ्यासू, पण त्याला आतलं सगळं काढून नवीन इंजिन टाकायचं होतं. टाकू शकतो, त्याची मर्जी, फक्त मग त्यानं ही गाडी का घ्यावी.

सगळ्यात जास्त भाव देणारे एक लग्नाच्या लॉनचे मालक होते. ३८ लाख, तिथल्या तिथं टोकन. नवरा-नवरीच्या एंट्रीसाठी पाहिजे होती. मी सांगितलं की खासगी नंबरची गाडी अशी भाड्यानं लावता येत नाही, आणि ५० वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ मध्ये जे नवीन नियम आले, व्हीए सिरीजचा नंबर, २० हजार फी, दहा वर्षांची मुदत, त्यातही धंद्यासाठी वापरायला मनाई आहे. ते म्हणाले ते आमच्यावर सोडा. मग गाडीभोवती फिरले, छतावर हात ठेवला आणि म्हणाले, "हे तेवढं कापून घेऊ, ओपन मस्त दिसेल." या गाडीला वेगळी चेसिस नसते, छत, खांब, फरशी सगळं मिळून तिचा सांगाडा बनतो, कंपनीची जी उघडी मस्टँग असते तिला खालून मुद्दाम जादा पत्रे देऊन मजबूत केलेली असते. हिचं छत कापलं तर ती मधून वाकणार, दारं बसणार नाहीत. मी समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, वेल्डिंगवाला आहे आपला. मी टोकन परत केलं. आई आतून ऐकत होती, बाहेर येऊन काही बोलली नाही, फक्त गेट लावून घेतलं.

भाऊ आठ दिवस बोलला नाही नीट. त्याचंही चूक नव्हतं, ३८ लाख म्हणजे ३८ लाख.

मग फेब्रुवारीच्या शेवटी कोल्हापूरहून फोन. "ताई, तुम्ही टाकलेले सडके फोटो बघितले, येऊ का?" एवढंच. महाराष्ट्र एक्स्प्रेसनं आले, चोवीस तासांच्या वर बसून, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातला दारात. पन्नाशीचे, उद्यमनगरात त्यांची फाउंड्री आहे, ट्रॅक्टरचे सुटे भाग ओततात. हातात एक टॉर्च आणि रुमालात गुंडाळलेला लोहचुंबक. चहा घेतला, गाडीवरचं कव्हर काढलं, एकदा पूर्ण भोवती फिरले, वाकून चाकाचे नट मोजले, पाच. (सहा सिलिंडरच्या मस्टँगला चाकाला चार नट असायचे, व्ही८ ला पाच, नंतर इंजिन बदलून व्ही८ म्हणून विकलेली गाडी पुष्कळदा इथंच सापडते.) मग उभे राहून रुमालानं हात पुसले आणि म्हणाले,

"देखणी हाय, ते फोटोत बघितलंच की. आता सांगा, गळतीया कुठं?"

दोन महिन्यांत आलेल्या एकाही माणसानं हे विचारलं नव्हतं. मी त्यांना काउल दाखवलं. ते म्हणाले, पाणी टाकूया का? टाकू ना. बाबांची हीच परीक्षा होती, दर पावसाळ्याआधी आम्ही घ्यायचो. गालिचा उचलायचा, फरशीवर दोन्ही बाजूंना वर्तमानपत्र पसरायचं, आणि नळी लावून जाळीवर पाणी सोडायचं. वर्तमानपत्र का, तर एक थेंब जरी पडला तरी डाग दिसतो. नळी लावली, पाणी दोन्ही चाकांमागून खळाखळा खाली उतरायला लागलं, आणि आम्ही अंगणात खुर्च्या टाकून पोहे खात बसलो. आईनं तर्री केली होती, कोल्हापूरच्या माणसाला तिखट लागलं नाही, याचं आईला थोडं वाईट वाटलं. अर्ध्या तासानं दारं उघडली. दोन्हीकडचा पेपर कोरडा. त्यांनी तळवा फिरवून पाहिला, मग कागद उचलून उजेडाकडं धरून पाहिला.

त्यानंतर ते खड्ड्यात उतरले आणि बराच वेळ वर आलेच नाहीत. मी वाकून विचारलं काय झालं, तर स्टार्टरच्या वरच्या बाजूला इंजिनच्या ब्लॉकवर टॉर्च मारून बघत होते. तिथं ओतकामातच उठलेली अक्षरं आहेत, ६ए१४. "सहा म्हणजे सहासष्ट, ए म्हणजे जानेवारी, चौदा तारीख. आमच्यात बी ओतावर तारीख टाकतात ताई." साध्या २८९ इंजिनांवर त्या काळी गाडीचा नंबर कोरत नसत, त्यामुळं इंजिन मूळचंच आहे की नाही हे या तारखेवरूनच ताडावं लागतं. दारावरच्या पट्टीवर १०बी, म्हणजे गाडीची तारीख १० फेब्रुवारी. ब्लॉक जानेवारीत ओतला, चार आठवड्यांनी गाडी बनली, जुळतं. पण ते त्याच्यासाठी थांबले नव्हते. ते बोटाच्या पेरानं ब्लॉकवर टकटक करून बघत होते. फोर्डनं या घराण्यातलं पहिलं इंजिन १९६२ मध्ये काढलं तेव्हा पातळ भिंतीचं ओतकाम ही त्यातली मोठी गोष्ट होती, वजन कमी व्हावं म्हणून. बिडाची भिंत पातळ ओतायची तर आतले वाळूचे गाभे जागचे जराही हलता कामा नयेत, हलले की एकीकडं जाड आणि एकीकडं भोक. हे सगळं ते मला खड्ड्यातून, मान वर करून सांगत होते, त्यांच्या कारखान्यात आजही कुठं काय फसतं ते, आणि मध्येच म्हणाले, "साठ वर्सांपूर्वी ओतलंय ओ हे." मी खाली उतरले. ज्या जागेकडं मी सात वर्षं फक्त स्टार्टरचा बोल्ट काढायला बघितलं होतं तिथं आम्ही दोघं टॉर्च धरून उभे होतो.

मग चक्कर. अमरावती रोडला वाडीच्या पुढं. ते ड्रायव्हर, मी मागं, आणि उजवीकडच्या सीटवर आई, कारण मी त्यांना सांगितलं की या गाडीत ओव्हरटेकचं खातं आईकडं आहे. पहिला ट्रक आला. आईनं मान काढली. "थांबा... थांबा..." त्यांनी पायही हलवला नाही. "हं, जा." आणि ती गाडी जशी पुढं झेपावते, मागं बसून मला तिचा आवाज पाठीतून जाणवत होता, तो मी आता इथं लिहू शकत नाही.

भाव ३२ लाखांवर तुटला. मी ३६ म्हटले होते. आमचे सगळे मिळून २१ लाख लागले होते, माणसाच्या वेळेचा हिशोब न धरता. लॉनवाल्यांपेक्षा सहा लाख कमी, आणि भावाला मीच फोन करून सांगितलं, तो थोडं थांबून म्हणाला, बाबांनीही हेच केलं असतं, मग मात्र मला बोलता आलं नाही. कागदाचं काम चार दिवस चाललं. फॉर्म २९, फॉर्म ३०, आरसी, इन्शुरन्स, आणि चेसिस नंबरची पेन्सिल प्रिंट. हिचा नंबर बॉनेट उघडल्यावर डाव्या बाजूच्या आतल्या पत्र्यावर आहे, पातळ कागद चिकटवून त्यावरून पेन्सिल आडवी घासायची. ६टी०७सी आणि पुढचे आकडे. एकेक अंक उमटत येत होता. दोन प्रती लागायच्या, मी तीन काढल्या. तिसरी माझ्याकडं आहे.

नेताना बंद कंटेनर आला होता. उस्तादांनाही बोलावलं होतं, ते आता मुलाकडं ताजबागच्या बाजूला राहतात, डोळ्यांना कमी दिसतं. त्यांनी चाकांचे पट्टे हातानं चाचपून बघितले, एक सैल आहे म्हणाले, तो खरंच सैल होता. वही त्यांनीच कोल्हापूरच्या भाऊंच्या हातात दिली. इंची पानेही दिले, हे मला आधी सांगितलं नव्हतं.

आता तो फोन. मागच्या आठवड्यात तिकडं सलग चार दिवस पाऊस, आणि त्यांचा फोन आला, "ताई, उजव्या अंगाला पेपर ओला झालाय." माझ्या पोटात गोळा. मी विचारलं, पाणी चिकट आहे का, गोडसर वास येतो का? तसं असेल तर हीटरमधलं कूलंट गळतंय. नाही म्हणाले, साधं पावसाचं पाणी. मग कुठून? काउल आम्ही नवीन केलेलं, अंगणात अर्धा तास पाणी सोडूनही कोरडं होतं. मी त्यांना म्हटलं मला एक दिवस द्या, आठवून बघते. रात्रभर डोळ्यांपुढं एकेक वेल्ड आणून पाहिला.

सकाळी त्यांनीच मेसेज टाकला. वहीच्या एका पानाचा फोटो. उस्तादांचं अक्षर, ऑगस्ट २०१५. "राइट साइड हीटर डब्बा, ऊपर का पॅकिंग नहीं आया, कूलर के पंप का रबर काटके लगाया. टेम्परवारी." खाली दोन रेघा. मी साफ विसरले होते, आमच्या यादीत ते नव्हतंच, आणि दहा नागपुरी उन्हाळे काढून ते रबर कडक झालं, भेगाळलं, अर्ध्या तासाच्या नळीला पुरलं पण चार दिवसांच्या पावसाला पुरलं नाही. मी लगेच फोन केला, माफी मागितली, म्हटलं नवीन पॅकिंग मागवून पाठवते, माझ्या खर्चानं. ते म्हणाले, "अवो ताई, वहीत लिवलंय की. लपवलंय कुठं?" आणि संध्याकाळी त्याच पानाचा दुसरा फोटो आला. उस्तादांच्या दोन रेघांखाली निळ्या पेननं, वेगळ्या अक्षरात: "२१ जुलै. हीटरचं पॅकिंग बदललं. पेपर कोरडा."

रविवारी तो फोटो घेऊन ताजबागला गेले. उस्तादांना दिसलं नसतं म्हणून वाचून दाखवला. त्यांनी दोनदा वाचायला लावला आणि मग विचारलं, "रबर कौन सा डाला?" ते मला माहीत नव्हतं. तिथूनच कोल्हापूरला फोन लावला आणि उस्तादांच्या हातात दिला.